सहा रविवार, चोवीस गुण आणि साडेचारशे पोळ्या

आठवड्याला दोन-तीन रिव्ह्यू तर मलाच येतात. 'पोळी मऊ, वरणात मीठ कमी.' 'आंटी, गुरुवारवाली कढ़ी दोबारा मत बनाना.' इंदूरला राजेंद्रनगरातून भंवरकुआंच्या होस्टेलांना मी टिफिन देते. सध्या ४६ डबे, दोन्ही वेळचे, एका डब्यात पाच पोळ्या. हिशेब करा, दिवसाला साडेचारशेच्या वर पोळ्या होतात. त्यामुळे तारे मिळवायची सवय आहे, द्यायची नाही. पण पॉझिटिव्ह सायकॉलॉजीच्या या क्लासला मी २,८०० रुपये मोजलेत, म्हणजे एका मुलाचा महिन्याचा डबा. तेव्हा लिहिणं आलंच.

क्लास अन्नपूर्णा रोडवर, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. सहा रविवार, सकाळी १० ते १२. विषय पॉझिटिव्ह सायकॉलॉजी, म्हणजे आपल्यातले चांगले गुण ओळखून ते वापरायचे आणि बरं राहायचं. नाव लिहीत नाही. जी तक्रार होती ती मॅडमना तोंडावर सांगून झाली आहे आणि त्यांनी ती ऐकून घेतली आहे.

मी गेले कशाला, तर भिशीतल्या एकीने डोकं खाल्लं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला होत्या, त्या गेल्या वर्षी गेल्या. सगळे म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या, तूही मोकळी झालीस. मोकळी झाले आणि अंगातलं वंगण संपल्यासारखं झालं. काम एक दिवस अडलं नाही. पण पहाटे साडेचारला कणीक भिजवायला परात घेतली की तिच्याकडे नुसती बघत उभी राहायची. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं तपासलं. बी-१२ कमी निघालं. गोळ्यांनी पायातल्या मुंग्या गेल्या, बाकीचं होतं तिथेच राहिलं.

पहिल्या रविवारी चौदा जण होतो. अर्धे मराठी. क्लास हिंदीत चालायचा, चहाच्या वेळी मात्र सगळी मंडळी आपल्या इंदुरी मराठीवर यायची. पोहे होते. पोह्यांवर सेव भरपूर आणि जिरावण मसाला वेगळ्या वाटीत, ज्याचं त्याने घ्यावं असं. पोहे करणाऱ्याला माझे पाच तारे, तिथे प्रश्नच नाही.

मग मॅडमनी स्लाइड लावली. १९९८ साली मार्टिन सेलिगमन हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. आपण इतकी वर्षं माणसाचं काय बिघडतं तेच बघत आलो, काय चांगलं चालतं तेही अभ्यासलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. त्यांनी आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांनी २००४ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. जगभरच्या धर्म-परंपरांतून माणसाचे २४ गुण वेचून सहा गटांत लावले : शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम, आणि सहावा गट आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी जोडणाऱ्या गुणांचा. कृतज्ञता, आशा, विनोद हे त्या सहाव्यात. विनोद अध्यात्माच्या शेजारी बसवलेला बघून मला बरं वाटलं. आपल्याकडच्या कीर्तनकारांना हे आधीपासून माहीत आहे.

स्लाइडवर नव्हतं ते रात्री मुलीने फोनवर सांगितलं. ती पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करते. हेच सेलिगमन साठच्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग करत होते. टाळता न येणारे विजेचे झटके बसलेली कुत्री पुढे सुटायची वाट समोर असतानाही पडून राहायची. हताश होणंसुद्धा शिकलं जातं, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. म्हणजे आनंदाचे गुरुजी आधी हताशपणाचे अभ्यासक होते. हे क्लासमध्ये सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी कान टवकारले असते. परातीसमोर उभं राहणं म्हणजे दुसरं काय होतं?

दुसऱ्या रविवारच्या आधी चाचणी द्यायची होती. ती मॅडमची नव्हे. अमेरिकेत सिनसिनाटीला व्हीआयए नावाची संस्था आहे, तिची. नाव आणि ईमेल दिला की ऑनलाइन फुकट देता येते. ९६ वाक्यं असतात, प्रत्येकासमोर 'हे माझ्यासारखं आहे की नाही' ते निवडायचं. मुलीने इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितलं, मी पोळ्या मोजता मोजता उत्तरं दिली. दहा-पंधरा मिनिटांचं काम, आम्हाला तास लागला, कारण दर चार वाक्यांनी ती म्हणायची, 'आई, खरं सांग.'

निकालात २४ गुण क्रमाने येतात. माझा पहिला न्यायबुद्धी. मग चिकाटी, प्रामाणिकपणा, सौंदर्याची जाण, सावधपणा. आणि चोविसावा, शेवटचा, क्षमा. आमच्या ह्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, 'हे सांगायला ९६ प्रश्न?'

मॅडमनी एक गोष्ट नीट समजावली, ती सांगते, कारण गटातल्या बऱ्याच जणांचा तिथेच घोळ झाला. हा क्रम आपला आपल्याशी आहे. शेजारणीची दया तिसरी आणि माझी चौदावी म्हणजे ती माझ्यापेक्षा दयाळू, असं नाही. शेवटचा गुण म्हणजे दोष नव्हे, तो हाताशी कमी येतो एवढंच. वरचे पाच-सहा आपली खूण. ते वापरताना जोर लावावा लागत नाही आणि वापरल्यावर थकवा येण्याऐवजी तरतरी येते. हे मी माझ्या भाषेत असं समजले : मला भाकरी थापायला सांगा, पन्नासाव्या भाकरीलाही गाणं गुणगुणेन. करंज्या सांगा, दहाव्या करंजीला पाठ दुखते.

आता तक्रारी. दुसरा आणि तिसरा असे दोन रविवार आम्ही बहुतेक वेळ आपापले गुण ओळखत बसलो. तक्ते रंगवले. एकमेकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'मी शूर आहे' असं म्हणत टाळ्या वाजवल्या. पन्नाशीच्या बायकांना टाळ्या वाजवायला लावणाऱ्यांना काय वाटतं कोण जाणे. एका ताईंना तर कल्पकता पहिली आली म्हणून इतका आनंद झाला की त्यांनी व्हॉट्सअॅपचं स्टेटस ठेवलं, आणि तो आनंद पुढच्या रविवारपर्यंत विरलाही.

तो विरणारच होता. २००५ मध्ये सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी ५७७ जणांना इंटरनेटवरून आठवडाभराचे निरनिराळे व्यायाम दिले आणि सहा महिने त्यांची खबर घेतली. शेवटपर्यंत ४११ टिकले. तुलनेसाठी काहींना रोज रात्री नुसत्या लहानपणच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. ज्यांनी फक्त आपले वरचे गुण ओळखले, त्यांचा फायदा टिकला नाही. ज्यांनी त्यातला एक गुण रोज नव्या रीतीने वापरला, आणि ज्यांनी रोज रात्री तीन चांगल्या घटना कारणासह लिहिल्या, त्यांना सहा महिन्यांनीही बरं वाटत होतं. कृतज्ञतेचं पत्र लिहून ते स्वतः नेऊन वाचून दाखवणाऱ्यांना सुरुवातीला सगळ्यांत जास्त आनंद झाला, पण तीन महिन्यांत तो ओसरला. म्हणजे ज्या भागाचा उपयोग टिकत नाही त्यावर आमचे दोन रविवार, आणि जो टिकतो त्यावर चौथ्या रविवारची शेवटची वीस मिनिटं. भाजी निवडण्यात सकाळ घालवली आणि फोडणीला वेळच उरला नाही, तसा प्रकार. (ते ५७७ जण स्वतःहून आनंदाच्या वेबसाइटवर आलेले होते, हेही लक्षात ठेवा. आधीच हौस असलेली माणसं ती.)

त्या वीस मिनिटांत मिळालेला गृहपाठ मात्र मी आठवडाभर केला. न्यायबुद्धी, रोज नव्या रीतीने.

सोमवारी वाटलं, हे तर सोपं आहे. माझ्याकडच्या मुली तीन पोळ्या खातात आणि दोन परत पाठवतात. मुलं पाच खाऊन वर मेसेज करतात, 'आंटी, दो और मिल जाती तो.' पैसे सगळ्यांचे सारखे. हा कुठला न्याय? मी लगेच दर बदलले. कमी पोळ्यांचा डबा दोनशेने स्वस्त, जास्त पोळ्यांचा दोनशेने महाग. संध्याकाळपर्यंत फोनवर फोन. पीएससीची तयारी करणारा एक जण म्हणाला, 'आंटी, ये तो पढ़ने वालों पे टैक्स है.' दोघांनी डबा बंद करायची धमकी दिली. गुण नव्या रीतीने वापरायला सांगितला होता, गिऱ्हाईक तोडायला नव्हे. मंगळवारी जुने दर परत आणले आणि प्रत्येक होस्टेलला एक सामायिक पिशवी सुरू केली. डब्यात तीन पोळ्या, बाकीच्या पिशवीत, ज्याला हव्या त्याने घ्याव्या. आधी रोज पंचवीस-तीस पोळ्या परत यायच्या, आता पाच-सहा येतात. वर्षभर ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्यावर नुसती चिडत होते.

बुधवारी चोइथराम मंडीत एका म्हाताऱ्या मेथीवाल्याशी पाच रुपयांवरून घासाघीस केली नाही. त्याने संशयाने बघितलं आणि जुडीत पाला जास्त घातला. हा प्रयोग मी मोजत नाही.

गुरुवारचं लिहिताना जरा जड जातंय. माझ्याकडे पोळ्या लाटायला दोघी येतात. खाडा झाला की मी पैसे कापते. पहिल्यापासून कापते, त्यात चुकीचं काही वाटलं नव्हतं, कारण नियम दोघींना सारखा. गुरुवारी कागद घेऊन बसले आणि स्वतःलाच विचारलं, यांना सुट्टी कधी असते? रविवारी संध्याकाळचा डबा बंद असतो, पण सकाळी तर येतातच. माझ्या न्यायबुद्धीच्या पहिल्या नंबरात या दोघी कुठे बसत होत्या? आता दोघींना महिन्यातून आळीपाळीने दोन पगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी हे लाटायला बसतात. नकाशे होतात, पण मुलांची तक्रार नाही. एवढं सांगून मी काही मोठी झाले असं नाही. उलट थोडी लाज वाटली, आणि ही लाज क्लासच्या कुठल्या तक्त्यात बसत नव्हती.

शुक्रवारी काही सुचलं नाही. डबे होते.

शनिवारी रात्री सगळं आवरून जेवायला बसले. ताटात नेहमीचं : तुटलेल्या पोळ्या, पातेल्याच्या तळाची भाजी, थंड भात. ४६ डब्यांत कुणाला एक फोड कमी जाऊ नये म्हणून मी डाव मोजून वाढते, आणि सत्तेचाळीसावं ताट मोजणीतच नाही. उठले, गॅस पेटवला, एक पोळी ताजी लाटली, फुगवली, तूप लावलं. हे म्हणाले, आता परत गॅस? म्हटलं, हो, आता परत. तेव्हापासून माझी भाजी मी आधी बाजूला काढून ठेवते, वाटीत, झाकण घालून.

दुसरा व्यायाम, रोजच्या तीन चांगल्या गोष्टी, मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिते. फक्त घडलं काय ते लिहायचं नाही, ते का घडलं हेही लिहायचं. सगळी गंमत त्या 'का'मध्ये आहे. 'गॅस सिलिंडर वेळेवर आलं' ही चांगली गोष्ट. का? 'मी चार दिवस आधी नोंदवलं होतं.' म्हणजे सावधपणा, माझा पाचवा. 'कचरागाडीचं गाणं ऐकून शेजारच्या काकांनी आमची ओली बादली पण नेली.' का? इथे दोन दिवस विचार करावा लागला. कारण दिवाळीत मी त्यांना चकल्या दिल्या होत्या? की ते मुळातच बरे आहेत? शेवटी लिहिलं, 'ते बरे आहेत.' आतापर्यंत साडेतीन महिने झाले, रोज होत नाही, आठवड्यातून चारदा होतं. परातीसमोर आता उभी राहत नाही असं म्हणणार नाही. कधी कधी राहते. पण वेळ कमी झाला आहे, चहा उकळेपर्यंतचा.

आणि सौंदर्याची जाण, चौथी. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक मी दोन वर्षं चुकवत होते, डब्यांमुळे. पाचव्या आठवड्यात रविवारच्या प्रयोगाला गेले, खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात. पहिल्या अंकात झोपले. दुसरा पूर्ण बघितला.

आता जे मला अजिबात पटलं नाही ते. तिसऱ्या रविवारी मॅडम प्रत्येकाला आजच्या तीन चांगल्या गोष्टी विचारत होत्या. एक काका होते, त्यांच्या पत्नी जाऊन चार महिने झाले होते. म्हणाले, नाही काही. मॅडम हसून म्हणाल्या, 'ढूंढिए, मिल जाएगा.' काका खाली बघत राहिले. पुन्हा, 'कोशिश कीजिए.' मी उठले, त्यांना म्हटलं, काका, चला, चहा घेऊ. जिन्यात बसून आम्ही चहा घेतला. ते त्यांच्या पत्नीच्या पुरणपोळीबद्दल बोलले, मी सासूबाईंच्या लोणच्याबद्दल. सुख शोधायला कुणी सांगितलं नाही. दुःख झालेल्या माणसाला दुःखी राहू देणं हे मानसशास्त्रात बसत नसेल तर ते मानसशास्त्र अर्धवट आहे, असं मी मॅडमना क्लास संपल्यावर सांगितलं. त्या गप्प झाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की कुणावरही सक्ती नाही. माझ्या म्हणण्यावरून फळ्यावर १४४१६ हा नंबरही लिहिला. ती सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट. खरं खचलेलं असेल त्याने आधी तिथे किंवा डॉक्टरकडे जावं, टाळ्या नंतर.

पाचव्या रविवारी एक पाहुणे बोलायला आले. ब्रह्मांडाला मागा, ब्रह्मांड देईल. मी मागितलं होतं की त्यांनी लवकर संपवावं. दिलं नाही. याचा त्या २४ गुणांशी काही संबंध नाही, पण एकाच फीमध्ये दोन्ही खपवलं. याच गृहस्थांनी सांगितलं की मनात एका नकारात्मक भावनेला किमान तीन सकारात्मक भावना हव्यात, हे गणिताने सिद्ध झालं आहे. मुलीला विचारलं तर ती हसायलाच लागली. २००५ च्या एका शोधनिबंधात २.९०१३ असा काटेकोर आकडा खरंच दिला होता, आणि २०१३ मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी त्यामागचं गणित निराधार असल्याचं दाखवून दिलं. दशांशानंतर चार आकडे! मी चारशे साठ पोळ्यांचं पीठ मोजते, मला कळतं कुठल्या गोष्टीचं वजन करता येतं.

सहाव्या रविवारी प्रमाणपत्र, फोटो, आणि 'लेव्हल टू'ची माहिती. फी ६,५०० रुपये. मी घेतलेली नाही.

तारे तीन. दीड तारा गृहपाठाचा, एक पोह्यांचा, अर्धा मॅडमचा, ऐकून घेतल्याबद्दल. चाचणी तर घरी बसून फुकट होते आणि वही दहा रुपयांना मिळते. पण हेही खरं की घरी बसून मी ते केलं नसतं. रविवारी सकाळी दोन तास घराबाहेर, दुसऱ्याच्या हातचे पोहे खात, स्वतःबद्दल बोलायला मिळणं, यालाही काही किंमत आहे. ती २,८०० आहे का, ते तुम्ही ठरवा. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल त्यांनी थांबावं. ज्यांना जोडीदार किंवा मैत्रीण मिळेल त्यांनी दोघांनी मिळून गृहपाठ करावा, टिकायला सोपं जातं.

पार्किंग नाही. स्कूटर समोरच्या मेडिकलपुढे लावू नका, तो माणूस टायरची हवा सोडतो. माझ्या स्कूटरची दोनदा सोडली. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. चोविसावा नंबर.